चार माणसं, दोनशे बहात्तर किलो

अर्ज पोचायला दीड तास उरला होता आणि हॅलोच्या सीव्हीची तीन पानं भरली होती. त्या तीन पानांत अख्खं घर होतं, फक्त हॅलो नव्हती.

अण्णांनी लिफ्ट-दुरुस्तीची कंपनी बंद केली त्याला आता महिना झाला होता. गावभरच्या लिफ्टची कंत्राटं एका बड्या कंपनीने उचलली. दादा चांगला मेकॅनिक, त्याला त्यांनी हातोहात ठेवून घेतलं. मधला भाऊ पूर्वीपासूनच विमा विकत होता, त्याचं काही अडलं नाही. उरली ती अण्णांची धाकटी लेक. अठरा वर्षं ती तळमजल्यावरच्या ऑफिसात फोनपाशी बसली होती. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन तिला यायचा, आणि दादा तिथे पोचून माणूस बाहेर काढेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. म्हणून घरात तिचं नाव पडलं हॅलो. तिला पगारपत्रक नव्हतं, हुद्दा नव्हता. घरच्या माणसाला कसला आलाय हुद्दा!

आता मोठ्या इस्पितळात मदत-कक्षाची प्रमुख हवी होती. जाहिरात दादाच्या मुलीने, चिमणीने, शोधली होती. ती एका कंपनीत माणसं निवडायच्या कामावर होती आणि दिवसाला दोनशे सीव्ही वाचायची. निदान तसं सांगायची तरी. आज पाच वाजेपर्यंत अर्ज ईमेलने पोचायला हवा होता. हॅलोला ही नोकरी हवी होती. किती हवी होती ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सगळ्यांनी आणखी मदत केली असती.

चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाभोवती मदत जोरात चालू होती.

"हुद्दा मोठा हवा," मधला म्हणाला. "चीफ कम्युनिकेशन ऑफिसर. समोरचा वाचताच उठून उभा राहिला पाहिजे."

"उभा राहील आणि दार दाखवेल," चिमणी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. "काका, तिथे एकच माणूस होता फोनवर. त्याला चीफ म्हणतात का?"

"मग काय, एकटा माणूस चीफच असतो!"

"खरं तेच लिहा ना," दादा म्हणाला. तो सरळ माणूस, त्याच्या पोटात पाप नव्हतं. "लिही, घरकामातून वेळ काढून फोन घेत असे."

हॅलो भाजी निवडत बसली होती. तिने एक देठ जरा जास्तच जोरात मोडलं. दादाच्या बायकोच्या, वहिनीच्या, ते बरोबर लक्षात आलं.

"काय बोलता हो! वन्संच्या स्वभावाचं लिहा. मनमिळाऊ, सोशिक, हसतमुख. घरात आल्यापासून बघतेय मी, कधी वर मान करून बोलल्या नाहीत."

"वहिनी, त्यांना फोनवर बोलणारी बाई हवीय," हॅलो म्हणाली. "मान कुठे आहे ते कोण बघतंय?"

खिडकीपाशी अण्णा बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, काठीसारखे ताठ, वजन छप्पन्न किलो. त्यांच्यासाठी जग म्हणजे एक वही होती. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टची मोटर असते त्या मशीनरूममध्ये खिळ्याला लटकवलेली त्यांची वही असायची. तारीख, वेळ, तक्रार, दुरुस्ती कोणी केली. वहीत नाही ते झालंच नाही, हा त्यांचा कायदा, आणि या कायद्यापुढे त्यांनी मोठमोठ्या सोसायट्यांच्या अध्यक्षांना गप्प बसवलं होतं.

"आधी दोष लिहा," अण्णा म्हणाले.

"दोष?" चिमणी किंचाळायचीच बाकी राहिली.

"चांगलं चाललंय ते कशाला लिहायचं? लिफ्ट आज वर गेली, खाली आली, असं लिहितो का आपण? बिघाड लिहितो. लिही: डावा गुडघा कुरकुरतो. सकाळी चहा मिळेपर्यंत बोलत नाही. लिफ्टमध्ये बसायला घाबरते."

हे शेवटचं शंभर टक्के खरं होतं. अठरा वर्षं अडकलेल्यांच्या गोष्टी ऐकून हॅलोने स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवणं सोडलं होतं. लिफ्टवाल्यांच्या घरची लेक चार मजले जिन्याने चढायची आणि उतरायची. कुरकुरणाऱ्या गुडघ्याचं मूळ तिथेच होतं.

"अण्णा," चिमणी गोड आवाजात म्हणाली, "मुलाखतीला अनुभवाचा दाखला मागितलाय. तुमच्या सहीचा. तेवढा द्याल ना?"

अण्णा खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"वहीत तिचं नाव कुठे आहे?"

"अण्णा!"

"दुरुस्ती कोणी केली, या रकान्यात अठरा वर्षं हिच्या दादाचं नाव आहे. मी जे लिहिलेलं नाही त्याच्याखाली सही करणार नाही. ही माझी मुलगी आहे एवढं लिहून देतो. शिक्क्यासकट देतो."

हॅलोला वाईट वाटलं. तिने ते लपवलंही नाही. भाजीचं ताट सरकवलं आणि उठली. "मी खाली जाऊन कॉम्प्युटर सुरू करते. तो सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो. तुमचं ठरलं की या."

ती जिन्याने उतरून गेली आणि वर काय झालं ते तिला नंतर पाच जणांनी पाच तऱ्हांनी सांगितलं. प्रिंटर, स्कॅनर आणि अण्णांचा शिक्का तिन्ही खालच्या ऑफिसात होते, तेव्हा कुणीतरी लॅपटॉप घेऊन खाली जायला हवं होतं. चिमणी उठली. ती एकटी गेली तर आपला 'चीफ' ती वाटेत उडवणार, म्हणून मधला उठला. मधल्याला एकटं सोडायचं नाही म्हणून दादा. वहिनीचं 'हसतमुख' धोक्यात होतं म्हणून वहिनी. आणि शिक्का अण्णांशिवाय कुणी हातात धरलेला नव्हता, म्हणून अण्णा. अशी सगळी वरात लिफ्टपाशी आली.

लिफ्ट चार माणसांची होती. दारावर पितळी पाटी होती: चार माणसं, दोनशे बहात्तर किलो. जास्त वजन झालं की वाजणारा बझर अण्णांनी दहा वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. आपल्याच लिफ्टने आपल्यावर बोंबलायचं हे त्यांना पटेना. शिवाय त्यांच्याकडे बेरीज होती. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात सव्वापट वजन चढवून ती तपासायची, आणि हे वजन म्हणजे अण्णांच्या घरची माणसं. पोरं लहान होती तेव्हापासून प्रत्येकजण आपलं वजन सांगायचा, अण्णा बेरीज करायचे, मग सगळे आत शिरायचे.

"सव्वापट म्हणजे तीनशे चाळीस," अण्णा म्हणाले. "सांगा."

"ब्याण्णव," दादा म्हणाला.

"शहाऐंशी." मधला.

"पन्नास, लॅपटॉप धरून," चिमणी म्हणाली.

"माझे छप्पन्न. दोनशे चौऱ्याऐंशी झाले. सूनबाई?"

वहिनीने तोंडी हिशेबात कधी चूक केली नव्हती. तिने क्षणभर विचार केला. "छप्पन्न," ती म्हणाली.

"तीनशे चाळीस! तंतोतंत!" अण्णा खूश झाले. "चढा."

खाली ऑफिसात हॅलोने कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून बावीस मिनिटं दाखवत होतं. तेवढ्यात टेबलावरचा जुना फोन खणखणला. हा फोन इमारतीच्या लिफ्टला जोडलेला होता आणि महिनाभर मुका होता.

तिचा हात आपोआप गेला. "हॅलो. घाबरू नका, मी आहे. किती जण आहात?"

पलीकडून दादाचा अगदी बारीक आवाज आला, "हॅलो... आम्ही आहोत."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच."

हॅलोने तोंडावर हात दाबला. गावभरच्या लिफ्ट सोडवणारं घराणं आपल्याच लिफ्टमध्ये अडकलं होतं. हसू आलं तर आवाज फुटेल आणि आवाज फुटला तर आतली माणसं घाबरतील, हे तिला अठरा वर्षांनी शिकवलं होतं. पण अठरा वर्षांत असा फोनही आला नव्हता.

"कुठे थांबली?"

"तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मधे. भार वाढला की उडतो तो मोटरचा रिले उडालाय. वजन बरोबर होतं गं! तीनशे चाळीस!"

"वहिनींनी किती सांगितलं?"

"छप्पन्न."

"दादा," हॅलो शांतपणे म्हणाली, "लग्नात किती होत्या?"

रिसीव्हरमध्ये जी धुमश्चक्री झाली तिच्यातून एवढंच कळलं की खरा आकडा सत्तरच्या पुढे आहे आणि वहिनीला आता श्वास पुरत नाहीये.

"फोन वहिनींना दे. वहिनी? मी बोलतेय. खाली बसा, पाठ भिंतीला टेका. तुमच्या डोक्यावर जाळी आहे, तिच्यातून हवा येतेय. हात वर करा, लागते? हवा संपत नसते, वहिनी. तुम्ही आत बसून दिवसभर भांडलात तरी पुरेल. काल शेजारणीने काय सांगितलं ते सांगा बघू मला, अर्धं राहिलं होतं."

वहिनी रडत रडत सांगू लागली. दुसऱ्या वाक्याला रडणं थांबलं. चौथ्या वाक्याला ती म्हणाली, "आणि वर मलाच विचारते!" आणि तिचा श्वास जागेवर आला. जुन्या रिसीव्हरचा आवाज केबिनभर पोचत होता आणि आत बाकीचे चार जण कान देऊन ऐकत होते. हॅलो काय करते हे त्या घरात कुणीही आजवर फोनच्या त्या टोकाला राहून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या फोनवरून हॅलोने बड्या कंपनीला कळवलं. ते म्हणाले, माणूस दीड तासात येईल. मशीनरूमची किल्ली तिच्यासमोर खिळ्याला होती. घड्याळात साडेचार झाले होते.

"मी वर जाते," ती म्हणाली. "मोटरचं चाक हाताने फिरवून तुम्हाला दुसऱ्यावर आणते."

"अजिबात नाही!" हे चिमणी ओरडली. "आत्या, आधी अर्ज!"

"माणसं अडकली की आधी माणसं."

"आम्ही कुठे पळून जातोय?" दादा म्हणाला.

मग वहिनीने त्याच्या हातून रिसीव्हर ओढला. "वन्सं, तुम्ही लिहा. मी खाली बसलेय, जाळी लागतेय हाताला. मला काही होत नाही. तो मेला अर्ज आधी जाऊ दे."

हॅलोच्या डोळ्यांत पाणी आलं. घरातली सगळ्यांत भित्री बाई तिच्यासाठी अडकून बसायला तयार झाली होती. तिने रिसीव्हर खांद्यात धरला आणि कीबोर्ड ओढला. "पण सीव्ही तर तुमच्यापाशी आहे."

"त्याला आग लाव," चिमणी म्हणाली. "बरं झालं अडकला तो. आता नीट ऐक. एकच पान. जाहिरात समोर ठेव. पहिली ओळ वाच, त्यांना काय हवंय?"

"संकटात असलेल्या माणसाशी शांतपणे बोलणारी व्यक्ती."

"तू ते केलंस? किती वर्षं? किती माणसांशी? त्याचं काय झालं? एवढंच लिही. मनमिळाऊबिनमिळाऊ नको, ते सगळेच लिहितात. काय केलं ते लिही, म्हणजे कशी आहेस ते त्यांना आपोआप कळतं."

हॅलोची बोटं थबकली. "किती माणसांशी ते कुठे मोजलंय?"

"महिन्याला पंधरा तरी फोन," दादाचा आवाज आला. "वर्षाला एकशे ऐंशी. अठरा वर्षं. तीन हजारांच्या वर जातं गं!" तो स्वतःच दचकलेला वाटला. "आणि ऐक, हेही लिही. माणसं दार उचकटायला जातात, उड्या मारतात, आणि तिथेच हातपाय मोडतात. आपल्याकडे एकालाही इजा झाली नाही. मी वर पोचायचो तेव्हा आत माणसं गप्पा मारत असायची. मला वाटायचं, आपल्या गावची माणसंच धीराची." मग तो म्हणाला, "ती तू होतीस."

'घरकामातून वेळ काढून' म्हणणारा हाच तो दादा. हॅलो त्याला त्याच क्षणी माफ करून मोकळी झाली. तिचा रागही तिच्या स्वभावासारखाच, चहा मिळेपर्यंत टिकणारा.

"त्या डॉक्टरचं लिही!" मधला मागून ओरडला. "डॉक्टर आणि पेशंट अडकले आणि रडत डॉक्टर होता! पेशंटला फोनवर घेऊन तू त्याला डॉक्टरची नाडी बघायला लावलीस!"

"काका, तेच इस्पितळ असेल तर?"

"मग डॉक्टरचं नाव लिहू नको!"

केबिनमध्ये हशा पिकला. हॅलोही हसली, मोठ्याने, आणि यावेळी तिने तोंडावर हात घेतला नाही. हसता हसता ती लिहीत होती. एका वेळी तीन लिफ्ट अडकल्या तर मेकॅनिकला आधी कुठे पाठवायचं ते ठरवलं. रात्रीबेरात्री, दिवे गेलेले असताना, पत्ता विसरलेल्या माणसाकडून पत्ता काढला. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत फोन कधीही ठेवला नाही. प्रत्येक वाक्य छोटं, प्रत्येक खरं. अर्ध्या पानातच तिला वाटलं की ही बाई कोण आहे, हिला मी कामावर ठेवलं असतं.

"हुद्दा?" तिने विचारलं.

आत वाद पेटेल म्हणून ती थांबली. पण मधला पडेल आवाजात म्हणाला, "जे होतं ते लिही. फोनवर मदत करणारी. तेच भारी वाटतंय आता."

"संदर्भ लागतो, आत्या. तुझ्या कामाविषयी कोण सांगेल?"

आत एक माणूस होता जो अजून एक शब्दही बोलला नव्हता. हॅलोने वाट पाहिली. मग तिने नुसतं 'कंपनीचे मालक' असं लिहून ऑफिसचा फोन नंबर टाकला आणि चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी बटण दाबलं.

"गेला," ती म्हणाली.

केबिनमधल्या टाळ्या जिन्यातूनही ऐकू आल्या.

"चिमणे, आता नीट ऐक. मी फोन बाजूला ठेवून वर जातेय. आजवर कधी ठेवला नाही. आता हॅलो तू. सगळ्यांना बोलतं ठेव, दाराला कुणी हात लावायचा नाही."

पाच मजले. दुसऱ्या मजल्यावर गुडघा कुरकुरला, चौथ्यावर त्याने कुरकुरणं सोडून दिलं. तिने मशीनरूमचं कुलूप उघडलं. या खोलीत काय करायचं ते तिने शेकडो वॉचमनना फोनवर पाठ म्हणून दाखवलं होतं, पण स्वतःचे हात कधी लावले नव्हते. सांगणारी ती आणि ऐकणारीही तीच, असं आज पहिल्यांदा झालं. "मेन स्विच बंद करा," ती मोठ्याने म्हणाली आणि तिने तो बंद केला. "डाव्या हाताने ब्रेकची दांडी. उजवा हात चाकावर. दांडी झटक्यात सोडायची नाही, थोडी, अजून थोडी." चाक हलवावंच लागलं नाही, वहिनीची कृपा, केबिन जड होती आणि स्वतःहून खाली सरकू लागली. दोरावरची पिवळ्या रंगाची खूण हळूहळू वर आली. खुणेला खूण जुळताच तिने दांडी सोडली. खालून दाराचा खडखडाट ऐकू आला, आणि मग सगळे एकदम बोलताना ऐकू आले.

हॅलो मशीनरूमच्या जमिनीवर बसली आणि वेड्यासारखी हसत सुटली. तिचे दोन्ही हात ग्रीसने काळे झाले होते.

पावलं वर येत होती. सगळ्यांत पुढे अण्णा, एकोणऐंशी वर्षांचे, जिन्याने. मागून दादा "सावकाश, सावकाश" करत होता. अण्णा आत आले. त्यांनी स्विच बघितला, ब्रेक बघितला, दोरावरची खूण वाकून बघितली. लेकीकडे बघितलं नाही. खिळ्यावरची वही काढली, खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्या लिहू लागले. तारीख. वेळ. तक्रार: जादा वजन.

"कारण?" चिमणीने मागून डोकावून विचारलं.

"सांगितलेलं वजन आणि खरं वजन यांत फरक," अण्णांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं.

"इश्श, वहीत कशाला!" वहिनी म्हणाली.

"बझर काढलेला. काढणारा: मी." तेही त्यांनी लिहिलं. मग पेन चौथ्या रकान्यावर आलं. दुरुस्ती कोणी केली. तिथे अण्णांनी हॅलो असं लिहिलं नाही. जन्मल्यावर त्यांनीच ठेवलेलं, घरात कुणी न वापरलेलं पूर्ण नाव त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली.

"सही कर."

तिने सही केली. कागदावर ग्रीसचा अंगठाही उमटला.

"वेळ चुकलीय, अण्णा," ती रडत आणि हसत म्हणाली. "पाच नव्हे. चार अठ्ठावन्न."

अण्णांनी आकडा खोडून दुरुस्त केला.

सहाच्या सुमारास सगळे खाली ऑफिसात चहा पीत होते. वहिनी तिचं खरं वजन कुणालाही न सांगण्याची शपथ एकेकाकडून घेत होती. अण्णा टेबलाशी बसून दाखला लिहीत होते. दोन कागद फाडून झाले होते. तेवढ्यात फोन वाजला. हॅलोचा हात सवयीने पुढे गेला, पण अण्णांनी रिसीव्हर आधी उचलला. त्या घरात अण्णांनी फोन उचललेला कुणी पाहिला नव्हता.

"बोला," अण्णा म्हणाले. "इस्पितळातून? हो, अर्ज इथूनच आला. मुलाखत उद्या अकराला, बरं. देतो, तिलाच देतो फोन. पण थांबा, आधी माझं ऐका. मी कोण?"

सगळ्यांचे कप हातातच राहिले.

"मी तिच्याबरोबर काम करत होतो," अण्णा म्हणाले. "अठरा वर्षं, तीन महिने."